विलासला मरायची घाई

सुरुवातीलाच सांगून टाकतो, भूत, पिशाच, करणी, अमावस्या यांतलं काहीही मी मानत नाही. मानणारच कसा? मी स्वतः तीन नाटकांत भूत होतो. पांढऱ्या चादरीच्या आत किती उकडतं आणि डोळ्यांची भोकं नेमकी कपाळावर कशी येतात, हे ज्याला ठाऊक आहे तो भुताला काय घाबरणार! या ग्रुपवर मी गेली चार वर्षं आहे ते निव्वळ करमणूक म्हणून. तुमचे अनुभव वाचायचे, हसायचं आणि बायकोला वाचून दाखवायचे.

आज माझाच अनुभव लिहितोय. हसा. मीही लिहिताना हसतोच आहे.

मी विलास. वय चोपन्न, राहायला लालबागला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. नोकरी फोर्टातल्या एका ऑफिसात, पण खरा धंदा नाटकाचा. म्हणजे आमच्या मंडळाच्या हौशी नाटकांचा. आणि त्यातही माझी एक खासियत आहे : मी मरतो. मरण्यात माझा हात धरणारा भायखळ्यापासून दादरपर्यंत कुणी नाही. विशेषतः हार्ट अटॅकने. उजवा हात छातीवर, डावा हवेत, एक गिरकी, टेबलावरचा तांब्या पाडायचा (तांब्या पडलाच पाहिजे, त्याशिवाय टाळी येत नाही), मग "सूनबाई..." असं अर्धवट म्हणून आडवं. एकदा पुढच्या रांगेतल्या एक आजी खरंच उठून पाणी घेऊन आल्या होत्या.

ज्या नाटकात मी असा मरायचो, ते लिहिलं होतं अण्णांनी. अण्णा आमच्या चाळीतलेच, गिरणीत साचेखात्यात उभं आयुष्य काढलेले. शेकडो मागांच्या खडखडाटात राहून त्यांना दोनच आवाज उरले होते. एक, आख्ख्या चाळीला ऐकू जाणारा. आणि दुसरी एक कुजबुज... ती बरोबर एकाच माणसाच्या कानात जायची, शेजारच्याला पत्ता नाही. असा माणूस प्रॉम्प्टर नाही होणार तर कोण? विंगेत स्टूल टाकून बसायचे, घसा साफ राहावा म्हणून तोंडात लवंग. नट अडला की वाक्याचे पहिले दोन शब्द सोडायचे. नटाने वाक्य नीट उचललं की हळूच म्हणायचे, "हां." बस्स. त्या "हां"साठी आम्ही जीव टाकायचो.

आता माझं पाप सांगतो. या नाटकात तिसऱ्या अंकात डॉक्टर येतो आणि माझ्या घरच्यांना लांबलचक समजावतो, हृदयाचं दुखणं कसं कसं येतं ते. अण्णांनी ते भाषण मुद्दाम घातलं होतं. त्यांचा साच्यावरचा जोडीदार एक दिवस "पित्त झालंय" म्हणून भिंतीला टेकून बसला, तो उठलाच नाही. अण्णांच्या मनातून ते कधी गेलं नाही. पण मला सांगा, मी खुर्चीत मरायला सज्ज होऊन बसलोय, पब्लिक तापलंय, आणि हा डॉक्टर बोलतोय आपला पाच मिनिटं! मी लाल पेन्सिलीने सगळं भाषण कापलं. डॉक्टरला ठेवलं एकच वाक्य : "यांना विश्रांतीची गरज आहे." आला, बोलला, गेला.

अण्णा चिडले नाहीत. नुसते म्हणाले, "विलास, तुला मरायची फार घाई."

हे चौदा वर्षांपूर्वीचं. त्यानंतर तीन वर्षांनी अण्णा गेले. शांतपणे, झोपेत. लेखक असूनही शेवटचं भाषण न करता!

यंदा मंडळाचं अमृतमहोत्सवी वर्ष. ठरलं, अण्णांचंच नाटक पुन्हा करायचं, माघी गणपतीत. मी अर्थात तोच, मरणारा. प्रॉम्प्टिंगला माझी बायको सुनंदा, कारण अठ्ठावीस वर्षं मला घरात सूचना देण्याचा अनुभव. नवी टाइप केलेली स्क्रिप्ट तिच्या हातात. आणि डॉक्टर झाला दिगू.

दिगू मूळचा मालवणचा, नायगावला एका शाळेत क्लार्क. मंडळात येऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे त्याने अण्णांना पाहिलेलं नाही आणि जुनं नाटकही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. माणूस लाख मोलाचा, पण पाठांतर शून्य. त्याचं एकच वाक्य, तेही त्याला येत नाही. स्टेजवर आला की मान वाकडी करून विंगेकडे कान लावतो आणि जे ऐकू येईल ते बोलतो. एकदा विंगेतून कुणीतरी म्हणालं, "पडदा अडकलाय", तर हा भर प्रयोगात हिरॉइनला म्हणाला, "पडदा अडकलाय!"

मी वैतागलो की म्हणायचा, "मेल्या, विंगेतसून जां येता तां मी बोलतंय. माका अर्थ कशाक होयो?"

तर असा सगळा थाट. आणि इकडे माझं आपलं एक बारीकसं चालू होतं. डिसेंबरपासून तिसरा मजला चढताना खालचा जबडा दुखायचा. डावीकडे. दुसऱ्या मजल्यावर सुरू, घरी जाऊन खुर्चीत बसलो की पाच मिनिटांत गायब. मी म्हटलं, दाढ. गेलो डेंटिस्टकडे. पोरगेलीशी डॉक्टरीणबाई, तिने आरसा घालून पाहिलं, ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "काका, दाढ एकदम ठणठणीत आहे. जिने चढतानाच दुखतं का? मग ईसीजी काढून घ्या."

मी घरी येऊन सुनंदाला म्हटलं, "आजकालच्या मुली! दाढेच्या डॉक्टरने दाढेचं बघावं. ही छातीत शिरतेय."

"काढून घ्या ना मग ईसीजी."

"अगं, मला हार्ट अटॅक शिकवू नकोस. सतरा प्रयोग केलेत त्याचे. छातीत कळ येते, हात असा जातो..." आणि मी स्वयंपाकघरात करून दाखवला. तांब्यासकट.

मग मी लवंगेचं तेल आणलं आणि दाढेला लावत बसलो. महिनाभर एका निरपराध दाढेची मनोभावे सेवा केली.

जानेवारीतला रविवार. दुपारी दिगूच्या घरी कोंबडी-वडे झाले, कारण दिगूच्या आईच्या हातचे वडे नाकारणं हे पाप आहे. चार वाजता मंडळाच्या हॉलमध्ये तालीम. हॉल आमच्या चाळीच्याच तळमजल्यावर, एका बाजूला स्टेज, डावीकडे दोन लोखंडी कपाटं आणि मधे पडदा, हीच आमची डावी विंग. तिथे सुनंदा खुर्ची टाकून बसलेली. एकटी. मागे भिंत. त्या विंगेत जायला यायला स्टेजवरूनच वाट, हेही लक्षात ठेवा.

दुसरा अंक संपता संपता मला जड वाटायला लागलं. दुखत नव्हतं हो! छातीवर कुणीतरी दळणाचा भरलेला डबा ठेवावा, तसं जड. मी म्हटलं, वडे. जबडा धरला. म्हटलं, दाढ. जानेवारीतला गार वारा, वर पंखा फुल्ल, आणि माझा शर्ट पाठीला चिकटलेला. म्हटलं, भूमिकेत शिरलोय! बघा, बुद्धी कशी चालते. मला सगळ्याची उत्तरं तयार होती. मनात ठरवलं, हा प्रवेश उरकला की वर जायचं, तीन मजले, सोडा-लिंबू प्यायचं आणि जरा आडवं व्हायचं.

तिसरा अंक सुरू झाला. मी खुर्चीत. दिगू आला, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. माझी नाडी धरली. आता त्याने म्हणायचं होतं, "यांना विश्रांतीची गरज आहे." अर्थात विसरला. मान वाकडी केली, कान विंगेकडे.

आणि विंगेतून प्रॉम्प्ट आला.

दिगू बोलला, "छातीत कळ येईलच असं नाही."

मी चमकलो. हे वाक्य...? हे तर नाहीच आहे!

दिगूची मान वाकडीच. थांबला, ऐकलं, पुढे बोलला. "कधी नुसता जबडा धरतो. कधी खांदा, कधी पाठ, कधी डावा हात."

एक एक तुकडा येत होता. तो ऐकत होता, उचलत होता. आणि दर वाक्याच्या शेवटी मला, फक्त मला, ऐकू येत होतं... अगदी बारीक...

"हां."

"कधी वाटतं, पित्त झालंय. जेवण अंगावर आलंय."

"हां."

"पंख्याखाली बसूनही दरदरून घाम सुटतो. जीव घाबरा होतो. माणूस म्हणतो, जरा पडतो, बरं वाटेल." दिगूने श्वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तो इतकं बोलत होता. "पडू देऊ नका. आत्ता, या क्षणी, यांना हॉस्पिटलात न्या!"

मी कापलेलं भाषण. शब्द न् शब्द. चौदा वर्षांनी माझ्याच तोंडावर म्हणून दाखवलं जात होतं आणि त्यातली एकही गोष्ट अशी नव्हती जी मला त्या क्षणी होत नव्हती.

मी म्हटलं, "दिगू... मला खरंच होतंय."

समोर बसलेल्या आठ-दहा जणांनी टाळ्या वाजवल्या! "वा विलासराव! काय हळू आवाज लावलाय!" एक जण ओरडला, "तांब्या, तांब्या राहिला!" आयुष्यभर खोटं मरण्याची ही शिक्षा, बरं का. खरं सांगायला गेलो तर अभिनय वठला म्हणतात.

ओळखलं ते फक्त सुनंदाने. विंगेतून धावत आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि सगळ्यांवर कडाडली, "गप्प बसा! टाळ्या कसल्या वाजवताय? यांनी छातीवर हात नेला का? गिरकी घेतली का? गप्प बसून आहेत हो! अठ्ठावीस वर्षांत हा माणूस कधी गप्प बसलेला नाही. काहीतरी खरंच झालंय."

नवऱ्याच्या आजाराचं इतकं अचूक निदान कुठल्याही मशीनने केलं नसतं.

मी वर जाऊन पडतो म्हणायला तोंड उघडलं, तर दिगू माझे दोन्ही खांदे दाबून म्हणाला, "पडूचा नाय! आत्ताच बोल्लंय ना मी!" नाक्यावरची टॅक्सी आली. परळ आमच्यापासून किती, दहा मिनिटं. आणि इथे एक बहार झाली. दिगू कोट काढायला विसरलेला. हॉस्पिटलच्या दारात हा पांढऱ्या कोटात, गळ्यात स्टेथोस्कोप, "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत उतरला. वॉचमनने सलाम ठोकला, वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन धावला. आतल्या खऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय पेशंटला?" तर दिगू ताठ उभा राहिला आणि घडाघडा बोलला : जबडा, जडपणा, पित्त, घाम, जीव घाबरा. डॉक्टर म्हणाले, "गुड. कुठे असता तुम्ही, डॉक्टर?"

दिगू म्हणाला, "तिसऱ्या अंकात."

ईसीजीची पट्टी बाहेर आली आणि मग कुणी हसलं नाही. मला तडक आत नेलं. मनगटातून तार घातली, स्टेंट बसवला. मी पडद्यावर माझंच हृदय पाहत होतो आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच घाबरलो. सुनंदाचा चेहरा दाराच्या काचेत दिसत होता. मनात म्हटलं, देवा, हा प्रयोग पडू दे. सपशेल पडू दे. मला मरायचा रोल नको.

प्रयोग पडला. मी उठून बसलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या असतात, त्यांत वर्षानुवर्षं चरबी साचते. चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं, अरुंद नळीतून तेवढं पोचत नाही, मग ते कुरकुरतं. बसलो की गप्प. "तुमच्या जबड्याने महिनाभर नोटीस दिली होती," म्हणाले. मी विचारलं, "पण दुखत होतं जबड्यात, डॉक्टर!" तर हसले. "हृदयाला स्वतःचा पत्ता नीट सांगता येत नाही. छाती, हात, मान, जबडा, सगळ्यांच्या तारा मेंदूकडे जाताना एकमेकींत मिसळतात. बऱ्याच बायकांना आणि डायबेटिसवाल्यांना तर छातीत फारसं दुखतही नाही, नुसती धाप, नुसता थकवा, मळमळ." मग आवाज चढवला. "आणि टॅक्सीने का आलात? अँब्युलन्स बोलवायची. वाटेत काही झालं असतं तर तुमचे ते तिसऱ्या अंकातले डॉक्टर काय करणार होते?" आणि शेवटी सहज म्हणाले, "जिने चढून वर जाऊन झोपला असतात, तर आपली भेट झाली नसती."

आता मुद्द्यावर येतो.

तिसऱ्या दिवशी दिगू भेटायला आला, शहाळं घेऊन. मी म्हटलं, "दिगू, ते भाषण तुला कुणी दिलं?"

"कुणी म्हणजे? विंगेतसून इला, मी बोल्लंय."

"सुनंदाने?"

"नाय रे. बाईचो आवाज नाय होतो. पुरुषाचो होतो, जुन्या माणसाचो."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती शहाळ्याच्या स्ट्रॉशी चाळा करत होती. म्हणाली, "माझ्या स्क्रिप्टमध्ये ते नाहीच. मी विश्रांतीचं वाक्य द्यायला तोंड उघडलं आणि..."

"आणि काय?"

"काही नाही. तुम्ही आधी बरे व्हा."

घरी आल्यावर, तब्बल आठवड्याने, दुधीची भाजी वाढता वाढता (हो, आता दुधी. वडे बंद. हाही अमानवीयच अनुभव आहे) तिने सांगितलं. तोंड उघडलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "जरा सरकून घ्या, वहिनी." तिला वाटलं मंडळातलंच कुणी असेल. ती स्क्रिप्टमध्ये बघत बघत खुर्चीसकट बाजूला सरकली. लवंगेचा वास आला. मग आठवलं, मागे तर भिंत आहे.

माझा मेहुणा रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्याने सगळं ऐकून निकाल दिला : भाषण माझ्या डोक्यात होतंच, झटक्याच्या गुंगीत मीच पुटपुटलो, दिगूने तेच उचललं, वास माझ्या दाढेच्या तेलाचा. मला पटलं, खरंच! मी असलं काही मानत नाही, मघाशीच सांगितलं. फक्त मी खुर्चीत होतो उजवीकडे आणि दिगूचा कान होता डावीकडे, एवढं एक राहतं. आणि "वहिनी" म्हणणारा कोण, तेही राहतं. मी माझ्या बायकोला वहिनी म्हणण्याइतका गुंगीत नव्हतो.

मंडळाच्या कपाटातून अण्णांची हस्तलिखित वही काढली. तिसरा अंक. माझ्या लाल पेन्सिलीची भलीमोठी फुली. तिच्याखाली तेच भाषण, दिगू बोलला तसंच, एक काना-मात्रा इकडचा तिकडे नाही. आणि समासात अण्णांच्या बारीक अक्षरात : "विलासला मरायची घाई. हे पुढे लागेल. ठेवणे."

नाटक माघीला झालं नाही, गुढीपाडव्याला झालं. डॉक्टरांना मी रीतसर विचारलं, "पाडव्याला मरू का?" ते म्हणाले, "गोळ्या वेळेवर घेऊन मरा. आणि गिरकी नको."

भाषण पुन्हा घातलं, सगळं. दिगूने दोन महिने खपून ते पाठ केलं. त्याच्या आयुष्यातलं पहिलं पाठांतर, आईला म्हणून दाखवायचा रोज. मीही मरणं बदललं. हात छातीवर नाही, तांब्या नाही. नुसता जबड्याला हात, घाम पुसत "पित्त झालंय गं" म्हणत बसून राहिलो. मागून एक जण कुरकुरला, "यंदा विलास नीट मेला नाही!" पण प्रयोगानंतर तळमजल्यावरच्या मालतीकाकू आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "विलास, मला पाणी भरताना पाठीत असंच भरून येतं रे." सोमवारी सुनंदा त्यांना ईसीजीला घेऊन गेली. आता त्यांची ट्रीटमेंट चालू आहे, आणि दुधीही.

एक सांगायचं राहिलं. प्रयोगात दिगूने भाषण न अडखळता म्हटलं. मान सरळ, विंगेकडे बघितलंही नाही. सुनंदाच्या मांडीवर वही मिटलेली. तिच्या बाजूला एक रिकामं स्टूल, तिनेच ठेवलेलं. मी कारण विचारलं नाही. शेवटचं वाक्य संपलं... आणि डाव्या विंगेतून आलं.

"हां."

या वेळी दिगूनेही ऐकलं. सुनंदानेही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला भर मरणाच्या प्रवेशात हसू फुटलं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मेहुण्याकडे आहे, पण दर वेळी वेगळं असतं. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सावकाश सांगा. मी थांबतो. मला आता मरायची अजिबात घाई नाही.